बाबूरावांचा लो-एंड कॅमेरा

गेम बनवायचाय, पण लॅपटॉप साथ देत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर बसा, ही तक्रार ऐकू येणारच. रॅम चार जीबी, ग्राफिक्स कार्डचा पत्ता नाही. युनिटी उघडायला टाकायचं, कॅन्टीनला जाऊन चहा पिऊन यायचं, तरी लोडिंगची पट्टी अर्ध्यावरच. त्यात लाईट गेली की विषयच संपला. मग हळूहळू दुसऱ्यांनी बनवलेले गेम यूट्यूबवर बघणं सुरू होतं आणि तुमचा स्वतःचा गेम ‘नवीन मशीन घेतल्यावर बघू’ या खात्यात जमा होतो. ते खातं पुन्हा उघडत नाही, हे तुम्हालाही माहीत असतं.

आज ज्यांच्याबद्दल सांगणार आहे, त्यांचा गेमशी काही संबंध नाही. ते १९५४ मध्ये गेले, म्हणजे देशात पहिला डिजिटल कॉम्प्युटर बसण्याच्याही आधी. पण मशीन हाताशी नसताना काम कसं सुरू करायचं, सुरू केल्यावर मन कसं टिकवायचं आणि एक दिवस नवं मशीन आल्यावर काय होतं, हे सगळं त्यांच्या आयुष्यात घडून गेलंय. बाबूराव पेंटर. नाव ऐकलं असेल. मराठी सिनेमाच्या इतिहासात दादासाहेब फाळक्यांच्या पाठोपाठ येतं आणि परीक्षेला दोन मार्कांचं असतं. त्या दोन मार्कांच्या पलीकडचा माणूस बघू.

त्यांचं खरं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. आडनावातच धंदा आहे. कारागिरांचं घर, हातात हत्यार असणं ही रोजची गोष्ट. चित्रकला आणि शिल्पकला ते स्वतःच्या स्वतःच शिकले. सोबत नात्यातले भाऊ आनंदराव. दोघांची जोडी अशी की १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात नाटकांचे पडदे रंगवावेत तर या दोघांनीच. संगीत नाटकांचा तो भराचा काळ. मागे राजवाडा, जंगल, नदीकाठ असे मोठमोठे पडदे लागायचे. मराठी कंपन्यांसाठी तर त्यांनी काम केलंच, गुजराती-पारशी रंगभूमीसाठीही केलं. रंगवणारे म्हणून ‘पेंटर’ हे नाव चिकटलं ते कायमचं. थोडक्यात, धंदा चांगला चालला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. दोघा भावांनी तो पाहिला आणि त्यांना सिनेमाचं वेडच लागलं. आता तुम्हाला एखादा गेम आवडला तर तुम्ही काय करता? खेळता, पुन्हा खेळता, आणि मग कधीतरी डोक्यात येतं की हे आतून कसं चालतं. यांचंही तसंच झालं. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक सेकंडहँड प्रोजेक्टर विकत घेतला आणि सिनेमे दाखवायला सुरुवात केली. लोकांसाठी तो खेळ होता, यांच्यासाठी तो अभ्यास होता.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण खरी मजा तिथेच आहे. सिनेमाची फिल्म म्हणजे ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी, दोन्ही कडांना भोकं. एका चित्राला, म्हणजे एका फ्रेमला, प्रत्येक बाजूला चार भोकं. आतला एक आकडा त्या भोकांत अडकतो, पट्टी बरोबर एक फ्रेम खाली ओढतो आणि सोडतो. पट्टी क्षणभर पूर्ण स्थिर राहते, तेवढ्यात झडप उघडते आणि उजेड आत येतो. झडप मिटते, आकडा पुन्हा ओढतो. मूकपटांच्या काळात हे साधारण सेकंदाला सोळा वेळा व्हायचं, तेही हाताने हँडल फिरवून. प्रोजेक्टरच्या पोटात जवळपास हेच यंत्र असतं, फक्त उजेडाची दिशा उलटी. कॅमेऱ्यात उजेड बाहेरून आत येतो, प्रोजेक्टरमध्ये आतून बाहेर जातो. म्हणजे कॅमेऱ्याची शिकवणी त्या जुन्या प्रोजेक्टरनेच घेतली, असं म्हणायला हरकत नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी थोडंफार कोडिंग केलंय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. गेमचा लूपही असाच पळतो. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी साधारण साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात बटण दाबलं का ते बघायचं, पात्र हलवायचं, टक्कर झाली का ते तपासायचं, चित्र काढायचं. वेळेत झालं नाही की लॅग. कोल्हापूरच्या त्या कारागिरांपुढे हाच हिशोब होता, फक्त पितळ आणि लोखंडात. आकडा केसभर जरी सरकला तरी पडद्यावर राजा थरथर कापताना दिसणार. झडप किंचित उशिरा मिटली तर चित्राला शेपूट फुटणार.

आणि डीबगिंगचा विचार करा राव! आपण रन दाबतो, चार सेकंदांत एरर समोर. त्यांना फिल्म घालायची, हँडल फिरवायचं, अंधाऱ्या खोलीत धुवायची, वाळवायची, छापायची आणि मग पडद्यावर लावून बघायची. चूक कॅमेऱ्यात आहे, धुण्यात आहे की हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटात, हे त्यातून ओळखायचं. फिल्म परदेशातून यायची आणि पहिल्या महायुद्धामुळे तिकडून काही मागवणं अवघड झालेलं. वाया जाणारा प्रत्येक फूट म्हणजे गेलेले पैसे.

मग परदेशी कॅमेराच का घेतला नाही, असं तुम्ही विचाराल. फाळक्यांनी तेच केलं होतं. ते लंडनला जाऊन विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले, त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण टाकली. तो मार्गही सोपा नव्हताच. पण या दोघा भावांचा कल घरी बनवण्याकडे होता. मेस्त्री घरात वाढलेल्या माणसाला यंत्र बघितलं की ते विकत घेण्याआधी उघडावंसं वाटतं.

कॅमेऱ्याचं काम आनंदरावांनी हातात घेतलं होतं. ते अर्ध्यावर असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. कारण अशा गोष्टी सांगताना आपण सरळ कॅमेरा तयार झाला त्या ओळीवर उडी मारतो. मधे दोन वर्षं आहेत. डोक्यात नकाशा ज्याच्या होता तो माणूस गेलेला, यंत्र अर्धवट आणि पैसा नाही. शिवाय मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते: पडद्यांचा धंदा हातात होताच. बाबूराव परत ब्रश घेऊन बसले असते तर कुणी नावं ठेवली नसती, घर चाललं असतं. आपल्याकडे अर्धवट सोडलेल्या प्रोजेक्टची कारणं बघा. बहुतेक वेळा मशीन स्लो होतं हे कारण आपण सांगतो, पण खरं कारण असतं की सोबतचा मित्र सोडून गेला, किंवा दुसरं काहीतरी जास्त सोपं समोर होतं. बाबूरावांच्या बाबतीत ही दोन्ही कारणं हजर होती. कॅमेरा नसणं हे तिसरं.

त्यांना पुढे नेलं ते माणसांनी. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य, यंत्राचा हात असलेले. त्यांच्या मदतीने बाबूरावांनी १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा केला. पैशाचा प्रश्न तानीबाई कागलकरांनी हलका केला. गायिका बाई, सिनेमाचं काहीच खात्रीचं नसताना त्यांनी पैसे दिले. सिनेमाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते, हे मला बरोबर वाटत नाही. गेमच्या भाषेत त्या पहिल्या इन्व्हेस्टर, आणि त्या काळात सिनेमात पैसे टाकणं म्हणजे आजच्या कुठल्याही स्टार्टअपपेक्षा मोठा जुगार होता. अशी ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ कोल्हापुरात उभी राहिली.

पहिला मोठा सिनेमा ‘सैरंध्री’. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. विषय महाभारतातला, विराटाच्या घरी दासी म्हणून राहणारी द्रौपदी आणि भीमाने केलेला कीचकाचा वध. तो वध पडद्यावर इतका खरा वाटला की सेन्सॉरला त्यावर कात्री चालवावी लागली. घरी बनवलेल्या कॅमेऱ्याला याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? फाळक्यांच्या हरिश्चंद्रात तारामती पुरुषाने केली होती, इथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. लोकमान्य टिळकांनी सिनेमा पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मशीन कमी ताकदीचं असलं की कल्पना जास्त सुचतात, असं एक वाक्य तुम्ही गेमच्या जगात नेहमी ऐकता. उदाहरणंही खरी आहेत. मारिओला टोपी आणि मिशी का? कारण थोड्याशा ठिपक्यांत केस आणि तोंड नीट काढता येत नव्हतं, म्हणून मियामोतोंनी टोपीखाली केस झाकले आणि मिशीखाली तोंड. ‘सुपर मारिओ’मधले ढग आणि झुडपं एकाच आकाराची आहेत, रंग तेवढा बदललाय, जागा वाचते. ‘सायलेंट हिल’मधलं धुकं घाबरवतं, पण ते आलं प्लेस्टेशनला लांबचं दृश्य काढायला जमत नव्हतं म्हणून. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण १९७८ चं ‘स्पेस इनव्हेडर्स’. तोमोहिरो निशिकादोंनी त्यासाठी हार्डवेअरही स्वतःच जुळवलं. प्रोसेसर इतका हळू की सगळे एलियन एकदम पळवणं त्याला झेपेना. पण एकेक एलियन मेला की प्रोसेसरचा भार कमी व्हायचा आणि उरलेले जोरात पळायचे. निशिकादोंनी ती गोष्ट दुरुस्त केली नाही, तशीच ठेवली. खेळ जसा संपत येतो तशी छाती धडधडायला लागते, ती त्या कमकुवत प्रोसेसरची कृपा.

बाबूरावांच्या सिनेमातही असं सापडतं. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, तो काळा उमटायचा. निळा रंग पांढुरका पडायचा, म्हणजे सुंदर निळं आकाश पडद्यावर कोरा कागद. रंगांत वाढलेल्या चित्रकाराला ही केवढी शिक्षा! पण चित्रकाराला आणखी एक गोष्ट येत असते: रंग बाजूला ठेवून नुसता उजेड आणि सावली बघणं. बाबूरावांनी तेच केलं. आयुष्यभर रंगवलेले सपाट पडदे त्यांनी सिनेमात मागे टाकले आणि त्याऐवजी खरे घन सेट उभे केले, ज्यात भिंतीला जाडी आहे, कोपऱ्यात अंधार आहे, माणूस आत राहतो असं वाटतं. ज्या कामात त्यांचं नाव होतं, तेच काम त्यांनी सोडलं. कॅमेऱ्याला सपाट पडदा सपाटच दिसतो, हे त्यांना कळलं होतं.

दुसरं म्हणजे, शूटिंगआधी ते प्रसंगांची चित्रं काढून ठेवायचे. कपडे कसे, पात्र कुठून कुठे जाणार, उभं कसं राहणार. फिल्म महाग, कॅमेरा घरचा, त्यामुळे प्रयोग कागदावर करायचे आणि कॅमेऱ्यासमोर फक्त नक्की झालेलं. ज्याला तुम्ही आज स्टोरीबोर्ड म्हणता. चार जीबी रॅमवाल्यांनी याकडे नीट बघावं असं मला वाटतं. गेमचं लेव्हल डिझाइन चौकटीच्या वहीत करायला कुठलंच ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि वहीत चुकलं तर खोडरबर एक रुपयाचं.

पण थांबा. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे गरिबीतच कला फुलते का? मला हे वाक्य आवडत नाही आणि बाबूरावांचं आयुष्यही त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. १९२३ चा ‘सिंहगड’ घ्या. तानाजीची चढाई, म्हणजे रात्रीचा प्रसंग. तोवर आपल्याकडचे सिनेमे सूर्याच्या भरवशावर चालायचे. ऊन आहे तोवर शूटिंग, ढग आला की हात बांधून बसायचं. बाबूरावांनी ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम दिवे वापरले, आपल्या सिनेमात पहिल्यांदा. सूर्यावर मात करायला मिळाली, त्यांनी ती लगेच केली. मर्यादेच्या प्रेमात ते कधीच नव्हते. ‘सिंहगड’ला इतकी गर्दी झाली की सरकारच्या महसूल खात्याचं लक्ष तिकडे गेलं आणि करमणूक कर आला, असं सांगतात. पुढच्या तीन पिढ्यांनी तिकिटावर जो कर भरला, त्यात तानाजीचाही वाटा आहे म्हणायचा.

फरक मला असा दिसतो. कॅमेरा नाही, उजेड नाही, लाल रंग दिसत नाही, या सगळ्या अडचणी अशा होत्या की बाबूराव त्या उघडून बघू शकत होते. हात घालता येत होता. स्क्रू काढता येत होता, दिवा सरकवता येत होता, दामलेंना हाक मारता येत होती. अशी अडचण माणसाला चिडवते आणि कामाला लावते. ‘स्पेस इनव्हेडर्स’च्या निशिकादोंचंही तेच, बोर्ड त्यांचाच होता. आपल्या लॅपटॉपची अडचण तशी नसते कधीकधी. झाकण उघडलं तर वॉरंटी जाते, आत सगळं चिकटवलेलं, आणि युनिटीला काय जड जातंय ते आपल्याला कळतच नाही. तिथे कल्पना सुचत नाही, नुसता वैताग येतो. त्यामुळे ज्याला वैताग येतो त्याला आळशी म्हणू नये. पण त्याने एवढं तरी बघावं की अडचणीचा कुठला तुकडा आपल्या हातात येतो. जड इंजिन सोडून गोडोसारखं हलकं इंजिन घेता येतं, थ्रीडी सोडून टूडी करता येतं, मोबाईलवरही कोड लिहिता येतो.

कंपनीत काम कसं चालायचं तेही बघण्यासारखं. दामले, साहेबमामा फत्तेलाल, आणि पडेल ते काम करणारा एक पोरगा, शांताराम वणकुद्रे. हो, तेच पुढचे व्ही. शांताराम. १९२१ च्या ‘सुरेखा हरण’मध्ये ते पहिल्यांदा पडद्यावर आले. नट, सुतार, कॅमेरामन, रंगारी अशा वेगवेगळ्या खिडक्या तिथे नव्हत्या. आजच्या चार पोरांच्या इंडी टीमसारखं, ज्याला जे येतं ते त्याने करायचं आणि जे येत नाही ते शिकून करायचं. बाबूरावांनी पब्लिसिटीसुद्धा सोडली नाही. १९२१-२२ च्या आसपास त्यांनी सिनेमाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिका काढल्या, पोस्टर स्वतः रंगवले. १९२४ मध्ये लंडनजवळ वेम्बलीला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे त्यांच्या ‘कल्याण खजिना’ला पदक मिळालं. घरी जुळवलेल्या कॅमेऱ्यापासून निघालेला माणूस सहा वर्षांत तिथपर्यंत गेला.

आणि मग १९२५, ‘सावकारी पाश’. मला विचाराल तर बाबूरावांचं सगळ्यात मोठं काम हेच. आपण धाराशिवचे लोक आहोत, आपल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा सिनेमा. शेतकरी, त्याची जमीन, सावकाराचे खोटे कागद, हातून गेलेलं रान, आणि शेवटी गाव सोडून शहरातल्या गिरणीत मजुरी. देवादिकांच्या आणि राजांच्या सिनेमांचा तो काळ होता, लोकांना चमत्कार बघायचे होते. तेव्हा बाबूरावांनी पडद्यावर कर्जबाजारी शेतकरी उभा केला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम.

त्यात एक प्रसंग होता. अंधुक उजेडातली उदास झोपडी, आणि रडणारं कुत्रं. बस, एवढंच. आता आठवा, हा मूकपट आहे. आवाज नाही. पण पाहणाऱ्यांना ते रडणं ऐकू आलं. आवाज नसण्याची अडचण बाबूरावांनी चित्राने भरून काढली. कमी उजेडाची हौसही इथे कामी आली. दिवे मिळाल्यावर सगळं लख्ख करायचा मोह होतो, यांनी दिवे असून अंधार ठेवला. जे. बी. एच. वाडियांसारख्या सिनेमावाल्याला ती झोपडी आणि ते कुत्रं कितीतरी वर्षांनंतरही आठवत होतं.

इथून पुढची गोष्ट उतरणीची आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि १ जून रोजी कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू झाली. ज्या हातांनी कॅमेरा पूर्ण केला, ते हात गेले. दोन वर्षांनी, मार्च १९३१ मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि सिनेमा बोलायला लागला. आता हार्डवेअरची मर्यादा उठली होती. ज्या आवाजाविना बाबूरावांनी कुत्र्याचं रडणं दाखवलं, तो आवाज आता खरोखर मिळणार होता. तुम्हाला वाटेल, या माणसाने उड्या मारल्या असतील. उलट झालं. बोलपटाचं त्यांना अजिबात कौतुक वाटलं नाही. इतक्या वर्षांत कष्टाने घडवलेली दृश्याची भाषा बोलण्याच्या नादात मोडून पडेल, अशी त्यांना भीती होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाली आणि ते परत चित्र आणि शिल्पाकडे वळले.

ही भीती खुळी नव्हती, एवढं त्यांच्या बाजूने सांगतो. सुरुवातीच्या बोलपटांत माईक लपवलेला असायचा, नट त्याच्या आसपास खिळून बोलायचे, कॅमेऱ्याचं फिरणं कमी झालं. गेममध्येही हे घडलंय. टूडीतून थ्रीडी आलं तेव्हा पहिल्या काही वर्षांचे कितीतरी थ्रीडी गेम आज खेळवत नाहीत, आणि त्याच काळातले टूडी गेम अजून ताजे वाटतात. नवं मशीन आलं की जुनी कला आधी थोडी मागे जाते. बाबूरावांना तो मागे जाण्याचा भाग दिसला, पण पुढे येण्याचा भाग बघण्याइतकी उमेद उरली नव्हती. दामलेंचं बघा. तेच दामले, ज्यांनी १९१८ मध्ये आकडा आणि झडप जुळवली होती, ते प्रभातमध्ये आवाजाच्या यंत्रामागे लागले. १९३६ मध्ये त्यांनी आणि फत्तेलालनी ‘संत तुकाराम’ केला, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचं नाव झालं.

माझा अंदाज असा आहे, आणि तो चुकीचाही असू शकतो, की आवाजाने बाबूरावांची उमेद घालवली नाही. दामले, फत्तेलाल, शांताराम असते तर त्यांनी आवाजाचं यंत्रही कोल्हापुरात उघडून मांडलं असतं. आनंदराव गेले तेव्हा दामले होते. आता हाक मारायला कोणी नव्हतं. वयही चाळिशीचं झालं होतं. मशीन नवं आणि टीम गेलेली, ही जोडी जड जाते.

तरी ते पूर्ण थांबले नाहीत. १९३५ मध्ये ‘उषा’ केला. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी आवाजासकट. त्याच कथेला दुसऱ्यांदा हात घालणं हे मला फार बोलकं वाटतं. १९३७ मध्ये ‘प्रतिभा’ आला. मोठे सेट, गर्दीचे प्रसंग, उजेडावरची पकड, सगळं त्यात दिसतं. मग मोठी गॅप पडली. १९५२ चा ‘विश्वामित्र’ साफ पडला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूराव गेले.

तुळजापूरहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाणारे आपल्याकडे पुष्कळ. पुढच्या वेळी गेलात तर शहरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो बघून या. बाबूरावांचे बहुतेक मूकपट मात्र बघायला मिळणार नाहीत. त्या काळची फिल्म पटकन पेट घ्यायची, जपली नाही तर आपोआप खराब व्हायची, आणि जपण्याचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ‘प्रतिभा’ वाचला. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची प्रत आज सापडत नाही. त्या झोपडीबाहेर कुत्रं रडत होतं, हे आपल्याला माहीत आहे ते फक्त ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी सांगून ठेवलं म्हणून.